घर दांडीवर चढवलं तेव्हा

बायको गेली त्यानंतर आमच्या घरात कुठली वस्तू कुठं असते हे मी पहिल्यांदा शोधायला लागलो. साखरेच्या डब्यात खोबरं निघालं. खोबऱ्याच्या डब्यात सुया. मेणबत्त्या कुठं असतील म्हणून अख्खं स्वयंपाकघर उपसलं, तर त्या देवघरामागे, जुन्या मोज्यात. मोज्यात मेणबत्ती ठेवणाऱ्या बाईला मी काय म्हणू? विचारायला ती नाही. तिच्या फोटोसमोर उभा राहून मी मोठ्यांदा म्हटलं, "अगं, निदान सांगून तरी जायचं होतंस." शेजारी ब्लाऊज शिवणाऱ्या टेलरम्मानं भिंतीपलीकडून विचारलं, "काय हवं अज्जा?" काही नको म्हणून सांगितलं. साकु, पुरे झालं.

लष्कर मोहल्ल्यातलं आमचं घर रस्त्याच्या खाली आहे. पूर्वी वर होतं. घर खचलं असं कुणी समजू नये, घर आहे तिथंच आहे, रस्ता वर आला. दर खेपेला जुन्या डांबरावर नवं डांबर घालतात, जुनं कुणी काढत नाही. लहानपणी मी दोन पायऱ्या चढून घरात यायचो, आता दोन पायऱ्या उतरून येतो. माणसाला त्या पायऱ्या मोजून उतराव्या लागतात, पाणी मात्र सरळ येतं. म्हैसुरात पाऊस तसा बेतानं पडतो. पण उन्हाळ्यात एखाद्या दुपारी नाही तर दसऱ्याच्या आगेमागे असा काही कोसळतो की गटार उलटं वाहतं आणि मोरीतून गुळगुळ करत पाणी घरात येतं.

आमच्या पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या. माझ्या बापाच्या वेळेपर्यंत मधल्या खोलीत रंगाच्या कढया होत्या. पावसाळी हवेत ओली साडी बाहेर वाळत नाही, म्हणून मधल्या खोलीच्या आढ्याला कप्प्या बसवल्यात आणि त्यावरून दोरांनी टांगलेल्या बांबूच्या तीन लांब दांड्या आहेत. दांडी खाली घ्यायची, साडी घालायची, दोन्ही टोकांचे दोर ओढून दांडी पार कौलांपर्यंत चढवायची. रंगाचं काम बंद पडलं, मी मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात माल बांधायच्या कामाला लागलो, पण दांड्या राहिल्या. त्यांचा खरा उपयोग लग्न होऊन आल्यावर आमच्या हिनं शोधून काढला. घरात पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हा मी बादल्या घेऊन पाणी उपसत बसलो. ही म्हणाली, "पाणी काय उपसताय, ते येतंच राहणार. सामान उपसा." आणि तिनं तांदूळ, डाळ, अंथरुणं, माझ्या चपलासुद्धा गाठोड्यात बांधून दांडीवर अडकवली. म्हणाली, "ओढा."

दांडी एकट्यानं ओढायची नसते. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरं. एकानं जास्त ओढलं की दांडी तिरकी होते आणि सगळं सामान घसरून एका बाजूला येतं. म्हणून एकमेकांकडे बघत ओढायचं. आमचं भांडण असायचं, पुष्कळदा असायचं, दोन-दोन दिवस बोलत नसू. पण पाऊस आला की तोंडाकडे बघावंच लागायचं. दांडी वर जाईपर्यंत भांडण अर्धं संपलेलं असायचं.

आता मूळ गोष्टीवर येतो. आमची एकच मुलगी. गावाच्या पार टोकाला हिनकलला राहते, तिसऱ्या मजल्यावर, नवरा आणि दोन पोरांबरोबर. आई गेल्यानंतरच्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, ती जेवायला आली आणि जेवण व्हायच्या आतच तिनं विषय काढला.

"अप्पा, या घरात आता एकटं राहायचं नाही. पाणी आलं तर कोण आहे तुमच्याजवळ?"

"टेलरम्मा आहे."

"टेलरम्मा तुमची कोण?"

"शेजारीण. हिनकल लांब, ती इथं नुसती खोकली तरी मला ऐकू येतं."

"सुम्ने, उगाच काहीतरी बोलू नका. आमच्याकडे खोली रिकामी आहे. लिफ्ट आहे."

"लिफ्ट बंद पडली तर?"

"अप्पा!"

ती बापावर गेली आहे, ऐकत नाही. शेवटी मी पैज लावली. म्हटलं, या वर्षी पाणी येऊ दे. आलं, आणि माझ्या घरातली एक वस्तू जरी खराब झाली, तर मी मुकाट्यानं हिनकलला येतो. नाही झाली, तर हा विषय परत काढायचा नाही. ती म्हणाली, "आय्तु, ठरलं. पण तयारी मी सांगते तशी करायची." मी हो म्हटलं. हे घर सोडायचं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. आमच्या हिचा हात लागलेली एक वस्तू हिनकलच्या त्या खोलीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलीच्या सूचना फोनवर यायला लागल्या. टॉर्च घ्या. औषधं एका जागी ठेवा. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये घाला. पिण्याचं पाणी भरून झाकून ठेवा. पाणी शिरायला लागलं की आधी मेन स्विच बंद, मग सिलिंडर बंद, मग बाकीचं. ते मेन स्विचचं तिनं इतक्यांदा सांगितलं की मी चिडून म्हटलं, "अगं, मी काय करंटला चिकटायला बसलोय का?" पण गोष्ट खरी होती. आमचे स्विच खाली आहेत. मी इलेक्ट्रिशियन बोलावून ते डोक्याच्या उंचीवर घेतले. हे मात्र सगळ्यांनी करावं, मी स्पष्ट सांगतो.

तिनं झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आणले होते, त्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मी ते परत दिले. टॉर्चच्या उजेडात, चष्मा नसताना, मी चिठ्ठी काय वाचणार? आमच्या घरात वस्तू रंगावरून ओळखायची पद्धत. खायचं सामान लाल गाठोड्यात, कागद पिवळ्या, औषधं निळ्या. आमच्या हिची गाठोडी विटून सगळी एका रंगाची झाली होती, मातीसारखी. मी म्हटलं, रंगाऱ्याच्या घरात विटकी फडकी? मी स्वतः रंगवतो. माळ्यावर जुन्या पुड्या होत्याच. मे महिन्यात तीन फडकी रंगवली. लाल तर असा आला की टेलरम्मा म्हणाली, "अज्जा, याचा ब्लाऊज शिवला तर गिऱ्हाईक रांग लावेल." मी म्हटलं, आमचा रंग आहे तो, पक्का.

मग रंगीत तालीम केली, म्हणजे दांडीची. हिच्या टोकाला टेलरम्मा उभी राहिली. विधवा बाई, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पायानं मशीन चालवून चालवून अंगात ताकद आलेली. मी म्हटलं हळू, तिनं एका झटक्यात ओढलं. तिची बाजू आढ्याला टेकली, माझी कमरेपाशी. सगळी गाठोडी सरसरत माझ्याकडे आली आणि त्यात डाळीचा डबा माझ्या पायावर पडला.

"अय्यो अज्जा! लागलं?"

"नाही, मला आवडतं असं."

"मग हळू म्हणायचं ना!"

"म्हटलं की!"

"ओरडून म्हणायचं. नवरा-बायको नाही आपण, डोळ्यावरून मला काय कळणार?"

त्यावर दोघंही हसलो. मग 'हं' म्हटलं की एक ओढ, असं ठरवलं आणि जमलं. दांडी वर गेली, दोर खुंटीला बांधले, मी समाधानानं बघत उभा राहिलो. टेलरम्मा म्हणाली, "छान झालं. आता समजा करंट गेला. टॉर्च कुठाय?"

टॉर्च वर होता. पिवळ्या गाठोड्यात.

परत सगळं खाली. टॉर्च तेव्हापासून माझ्या खिशात. काडीपेटीही. आपण हुशार झालो असं मला वाटलं.

उन्हाळ्यातल्या पावसात नुसता उंबरठा भिजला. आषाढ-श्रावण सरळ गेले. दसरा आठवड्यावर आला, गावात दिव्यांच्या माळा लागल्या, टेलरम्माच्या दुकानात ब्लाऊजचे ढीग. आणि एका दुपारी जेवून पडलो होतो तोच उजेड गेला. बाहेर आलो तर आकाश कढईच्या बुडासारखं. टेलरम्मा दारातच उभी होती. माझ्या घरापेक्षा तिचं दुकान आणखी एक पायरी खाली आहे, दरवर्षी ती कापडं डोक्यावर घेऊन उभी राहते.

"अज्जा, तुमच्या दांडीवर जागा आहे का?"

"आहे. आण सगळं. शिवलेलं, न शिवलेलं, सगळं. प्लॅस्टिकच्या पोत्यात घाल आधी."

मेन स्विच बंद केला. सिलिंडर बंद केला. माझी गाठोडी एका दांडीवर, अंथरुणं आणि हिच्या साड्यांचा पत्र्याचा पेटारा दुसरीवर, टेलरम्माची ब्लाऊजची पोती तिसरीवर. मशीनचं डोकं सोडवून मधल्या खोलीतल्या उंच कट्ट्यावर ठेवलं. 'हं', 'हं', 'हं' करत तिन्ही दांड्या कौलांना भिडवल्या. तेवढ्यात पाऊस आला, आणि थोड्या वेळानं मोरीतून पाणी. घोट्यापर्यंत आलं, मग पिंढरीपर्यंत. आम्ही दोघं कट्ट्यावर चढून बसलो. फ्लास्कमध्ये कॉफी भरून ठेवलेली होती, ही सूचनाही मुलीचीच. कॉफी प्यायलो. खाली पाण्यात माझी एक केरसुणी तेवढी तरंगत फिरत होती. केरसुणी भिजली म्हणजे खराब झाली का, यावर आमचा वाद झाला. टेलरम्मा म्हणाली, केरसुणी भिजायलाच असते. मी म्हटलं, बरोबर. मनात म्हटलं, जिंकलो.

आणि वरून फोन वाजला.

फोन मी निळ्या गाठोड्यात ठेवला होता. औषधांबरोबर, कोरडा राहावा म्हणून. टॉर्च खिशात घ्यायचा हे शिकलो होतो, फोनचं कुणी सांगितलं नव्हतं. कौलांखाली मुलीची रिंग वाजत होती आणि आम्ही दोघं माना वर करून बघत होतो.

"घ्या की," टेलरम्मा म्हणाली.

"कसा घेऊ? दांडी खाली आणली तर सगळं पाण्यात."

"वाजतोय अज्जा."

"मला कान आहेत."

थांबला. परत वाजला. परत. टेलरम्माचा फोन दुकानात राहिला होता, तो एव्हाना पोहत असणार. काही वेळानं माझ्या टकलावर एक थेंब पडला. मी हातानं पुसला. दुसरा पडला. वर टॉर्च मारला तर बरोबर दांडीवरचं एक कौल सरकलेलं, माकडांचं काम, आणि धार लाल गाठोड्यावर. आम्ही सगळी तयारी खालून येणाऱ्या पाण्याची केली होती. वरून येणाऱ्या पाण्याचा विचार ना मुलीनं केला, ना मी, ना टेलरम्मानं. मी ते कौल काठीनं ढकलायला कट्ट्यावरून उतरलो, दांडीखाली उभा राहून काठी मारत बसलो. कौल बसेना. धार वाढली. कपाळावरून, नाकावरून पाणी गळत होतं, पण सोडायचं नाही म्हणून मारत राहिलो.

तेवढ्यात दार उघडलं. मुलगी. चप्पल हातात, सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढलेली, पूर्ण चिंब. तिनं माझ्याकडे बघितलं आणि असं किंचाळली की तसं मी तिला लहानपणीही ऐकलं नव्हतं.

"अप्पा! डोकं फुटलं तुमचं! रक्त!"

मी कपाळाला हात लावला. हात लालभडक.

"रक्त नाही," मी म्हटलं. "रंग आहे."

"काय?"

"रंग. लाल. सुटतोय."

ती त्या पाण्यातच धपकन कट्ट्याला टेकली. टेलरम्मानं तिला हात देऊन वर घेतलं, कपात उरलेली कॉफी दिली. ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. टेलरम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "नोडी, बघा, पोरीला रडवलंत."

रंग का सुटला ते मला तेव्हाच कळलं. रंगवलेलं कापड शेवटी भरपूर पाण्यातून काढायचं असतं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. पण मे महिन्यात नळाला पाणी कमी, आणि मुलीनं सांगितलेलं की पाणी साठवून ठेवा, अडचणीला लागेल. म्हणून मी अडचणीसाठी पाणी वाचवलं आणि फडकं एकदाच खळबळून वाळत घातलं. माझ्या बापानं हे बघितलं असतं तर म्हातारपणीही मला कानाला धरून कढईपाशी नेलं असतं.

पाऊस थांबला, पाणी उतरायला लागलं. आम्ही लाल गाठोडं उतरवलं. तांदूळ गुलाबी झाले होते. सुंदर दिसत होते खरं तर, लग्नात अक्षता म्हणून वाटावेत असे. पण खायचे नाहीत, फेकून द्यायचे. कागद प्लॅस्टिकमध्ये कोरडे. औषधं कोरडी. ब्लाऊज कोरडे. साड्यांच्या पेटाऱ्यावर मी खालून टॉर्च मारून बघितलं, तोही कोरडा. फक्त तांदूळ.

"हरलो," मी म्हटलं. "तांदूळ गेले. एक वस्तू म्हणजे एक वस्तू. पिशवी भरतो, येतो मी हिनकलला."

टेलरम्मा म्हणाली, "हे काय! पाणी खालून आलं ते हरलं ना? वरचं पैजेत होतं का?"

"तू मध्ये बोलू नको. मी शब्द दिलाय."

मुलगी माझं डोकं ओल्या फडक्यानं पुसत होती, रंग निघत नव्हता. मग तिनं हळू सांगितलं. म्हणाली, "अप्पा, पैजेचं काही नाही. आई गेली तेव्हा मी वाटेत होते. हुणसूर रोडवर ट्रॅफिकमध्ये. फोन वाजत होता आणि माझ्या हातात काही नव्हतं. आज तुम्ही फोन उचलला नाहीत, तेव्हा परत तोच रस्ता, परत तसंच. आणि दार उघडलं तर तुम्ही लाल."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मला वाटायचं, पोरीला बापाला हुकूम सोडायची हौस आहे. टॉर्च, औषधं, मेन स्विच, ते सगळं पाण्यासाठी नव्हतंच. पुन्हा उशीर होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

मी म्हटलं, "म्हणून तर येतो म्हणतोय. पिशवी भरू?"

तिनं वर बघितलं. दोन दांड्या अजून कौलांना टेकलेल्या होत्या, टेलरम्माची पोती, हिचा पेटारा. मग खाली बघितलं, चिखलाकडे. नाक शिंकरलं आणि म्हणाली, "तुम्ही तिकडे आलात तर दिवसभर लिफ्ट बंद पडायची वाट बघत बसाल. राहा इथंच. पण माझी एक अट आहे."

"कौलं? उद्याच माणूस लावतो."

"ती लावाच. दुसरी. रोज सकाळी उठलात की मला फोन करायचा. मी करणार नाही, तुम्ही करायचा. आणि फोन अंगावर. वर टांगायचा नाही."

"रोज काय बोलायचं? मला नाही जमत."

"बोलू नका. 'उठलो' म्हणा. तेवढं साकु."

मी म्हटलं, "मग माझीही अट."

"तुमची कसली? तुम्ही हरलात ना!"

"हरलो तरी अट आहे. मी 'उठलो' म्हटल्यावर तू पण 'उठले' म्हणायचं. तिसऱ्या मजल्यावर राहतेस, रोज त्या रस्त्यानं गाडी चालवत ऑफिसला जातेस. तुझं मला कसं कळणार?"

तिनं टेलरम्माकडे बघितलं. टेलरम्मा म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." मुलगी म्हणाली, "आय्तु."

दसरा झाला, दिवाळी झाली. कौलं बदलून झाली. माझ्या टकलावरचा रंग जायला बरेच दिवस लागले, तोवर गल्लीतली माणसं मला बघून हसली, मीही हसू दिलं. सकाळी उठतो, तोंड धुवायच्या आधी फोन लावतो. "उठलो." तिकडून कुकरची शिटी, पोरांची भांडणं, आणि मग तिचा आवाज, "उठले अप्पा." एक-दोनदा ती झोपेतच बोलली, तेव्हा मी तिला सांगितलं की हे चालणार नाही, नीट उठून सांग. ती चिडली. पण उठली.